बालसंगोपन सेविकेची संस्थेमार्फत नेमणूक (भंडारा जिल्हा)

बालसंगोपन सेविकेची संस्थेमार्फत नेमणूक म्हणजे लहान मुलांच्या देखभालीसाठी घरी येणारी किंवा घरातच राहणारी व्यक्ती मध्यस्थ संस्थेच्या साहाय्याने नेमण्याची पद्धत होय. महाराष्ट्रात अशा संस्थेस व्यवहारात 'ब्युरो' किंवा 'एजन्सी', तर सेविकेस 'आया' किंवा 'बाई' असे म्हटले जाते. संस्था शुल्क घेऊन सेविका शोधून देते. परंतु मूल, सेविका आणि कुटुंब यांच्यातील बहुतेक जबाबदाऱ्या नेमणुकीनंतर कुटुंबाकडेच राहतात. त्यामुळे संस्थेची मदत घ्यावी की थेट नेमणूक करावी, हा निर्णय संस्था कोणती कामे लेखी स्वीकारते यावर अवलंबून असतो.

संज्ञा

युरोप व अमेरिकेत रूढ असलेली 'ओ पेअर' ही पद्धत घरकामगाराच्या नोकरीपेक्षा वेगळी आहे. मूळ फ्रेंच शब्दप्रयोगाचा अर्थ 'बरोबरीच्या नात्याने' असा आहे. परदेशी तरुण किंवा तरुणी यजमान कुटुंबात राहून मुलांची देखभाल करते आणि त्या बदल्यात निवास, भोजन, हातखर्च व भाषा शिकण्याची संधी मिळवते. युरोप परिषदेने या पद्धतीविषयी २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे करार केला. भारतात ओ पेअरसाठी स्वतंत्र व्हिसा नाही. येथे घरात राहून मुले सांभाळणारी व्यक्ती घरकामगारच ठरते.

जिल्ह्यातील संदर्भ

भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे सात तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. जवाहरनगर येथील आयुध निर्माणी, वरठी येथील पोलाद कारखाना, शासकीय कार्यालये, शाळा व रुग्णालये ही नियमित नोकरीची प्रमुख ठिकाणे आहेत. आईवडील दोघेही नोकरीवर आणि आजीआजोबा गावी, अशा कुटुंबांत दिवसभराच्या देखभालीचा प्रश्न निर्माण होतो.

सेविका मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग शेजारी, नातेवाईक किंवा सहकारी यांच्या ओळखीचा. यात सेविकेचे घर, माणसे व स्वभाव यांची माहिती आधीच असते, मात्र ती आजारी पडल्यास पर्यायी व्यक्ती मिळेलच असे नाही. दुसरा मार्ग नागपूरसारख्या शहरातील संस्थेचा. यात पर्यायी व्यक्ती मिळण्याची शक्यता अधिक असते, परंतु येणारी स्त्री कुटुंबाला सर्वस्वी अपरिचित असते. तिलाही ते घर व ते गाव अपरिचित असते, आणि ती मुक्कामी राहणार असल्यास तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न मुलाच्या सुरक्षिततेइतकाच महत्त्वाचा ठरतो.

कायदेशीर चौकट

महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ अन्वये १८ ते ६० वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी होते. नोंदणी असलेल्या कामगारांसाठी अपघात, प्रसूती, मुलांचे शिक्षण व अंत्यविधी यांसाठी साहाय्याची तरतूद आहे. जिल्ह्यात कामगार विभागाचे काम सरकारी कामगार अधिकारी कार्यालयामार्फत चालते. असंघटित कामगारांच्या राष्ट्रीय नोंदणीसाठीचे ई-श्रम पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाले.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस नोंदणी करावी लागते, तर त्याहून लहान आस्थापनेस केवळ सूचना द्यावी लागते. अशा नोंदणीचे प्रमाणपत्र व्यवसायाचे अस्तित्व दाखवते. संस्थेने पाठवलेल्या व्यक्तीची तपासणी झाली आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

१० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर बंदी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७९ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीस कामासाठी बांधून ठेवणे किंवा तिची कमाई रोखणे हा गुन्हा आहे. सेविकेच्या वयाचा पुरावा पाहणे त्यामुळे औपचारिकतेपुरते राहत नाही.

कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियम, २०१३ मध्ये निवासी घराचा समावेश 'कामाचे ठिकाण' या संज्ञेत केलेला आहे. थेट अथवा संस्थेमार्फत नेमलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या घरकामगार स्त्रियांना हा कायदा लागू होतो. त्यांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास समितीने सात दिवसांत तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार शुल्क घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. 'व्यक्तिगत सेवेचा करार' मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे संस्थेने मान्य केलेली सेवा न दिल्यास तिच्याविरुद्ध तक्रार होऊ शकते, परंतु घरातील सेविकेच्या कामाबद्दलचा वाद या मार्गाने सुटत नाही.

मध्यस्थ संस्थांचे नियमन

झारखंड व छत्तीसगडमधून महानगरांत घरकामासाठी नेलेल्या मुलींचे शोषण आणि मानवी तस्करी यांमुळे मध्यस्थ संस्थांच्या नियमनाची गरज पुढे आली. छत्तीसगडने २०१३ मध्ये व झारखंडने २०१६ मध्ये यासाठी कायदा केला. दिल्लीत २०१४ मध्ये शासकीय आदेश निघाला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारविषयक १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला, परंतु भारताने त्यास अनुसमर्थन दिलेले नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट विचारात घेण्याकरिता समिती नेमण्याचा निर्देश केंद्र शासनास दिला.

निर्णयाचे निकष

संस्थेचे शुल्क मुख्यतः चार कामांसाठी दिले जाते: शोध, पडताळणी, पर्यायी व्यक्ती आणि वादात मध्यस्थी. यांपैकी केवळ शोधाचे काम होत असेल, तर ओळखीतून केलेल्या नेमणुकीच्या तुलनेत संस्थेचा लाभ मर्यादित राहतो. म्हणून करारात पुढील बाबी स्पष्ट असणे आवश्यक मानले जाते:

ओळख, वय व पूर्वीच्या कामाची पडताळणी कोणी केली, आणि पोलीस ठाण्यात माहिती कोणी द्यायची;
वेतन सेविकेच्या हाती किती पडते, आणि संस्था त्यातून कपात करते का;
सेविका काम सोडून गेल्यास पर्यायी व्यक्ती किती दिवसांत मिळेल व शुल्काचा परतावा कसा होईल;
कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, आजारपणातील रजा व मुक्कामी सेविकेसाठी झोपण्याची स्वतंत्र जागा;
स्वयंपाक, धुणीभांडी यांसारखी कामे देखभालीत धरली आहेत की नाहीत.

वेतन संस्थेमार्फत दिले जात असल्यास सेविकेला प्रत्यक्षात मिळणारी रक्कम कुटुंबाला कळत नाही. ओळखपत्रे संस्थेकडे अडकवून ठेवली असल्यास सेविकेला काम सोडण्याचे स्वातंत्र्य उरत नाही. या दोन्ही गोष्टी शोषणाची लक्षणे मानल्या जातात. थेट नेमणुकीतही पडताळणी व लेखी अटींची गरज तेवढीच असते. फरक इतकाच की ही कामे कुटुंबाला स्वतः करावी लागतात.

पर्याय

अंगणवाडीत ३ ते ६ वर्षे वयाच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण मिळते, परंतु तिची वेळ पूर्ण कार्यालयीन दिवसाइतकी नसते. केंद्र शासनाच्या मिशन शक्तीअंतर्गत 'पाळणा' योजनेत अंगणवाडीसह पाळणाघराची कल्पना आहे. प्रसूती लाभ (सुधारणा) अधिनियम, २०१७ ने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. पाळणाघरात एकापेक्षा अधिक व्यक्तींची देखरेख असते. मूल आजारी असताना मात्र ही सोय सहसा उपयोगी पडत नाही.

परदेशातील तुलना

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ओ पेअर नेमता येते. तेथे संस्थेची निवड ऐच्छिक नसून परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेल्या संस्थेमार्फतच नेमणूक करावी लागते. ओ पेअरचे वय १८ ते २६ वर्षे असते आणि काम दिवसाला १० व आठवड्याला ४५ तासांहून अधिक घेता येत नाही. संस्थेला पूर्वचारित्र्याची तपासणी, बालसुरक्षेचे किमान ८ तास व बालविकासाचे किमान २४ तास प्रशिक्षण, तसेच दर महिन्याला ओ पेअर व कुटुंब या दोघांशी संपर्क ठेवणे बंधनकारक आहे. तेथे नियमाने संस्थेवर असलेल्या या जबाबदाऱ्या भंडारा जिल्ह्यातील नेमणुकीत केवळ लेखी करारानेच संस्थेवर येऊ शकतात.