चेहरा थिजतो, शब्द तुटतो : असे का होते?

आखातात किंवा इतरत्र परदेशी असलेल्या मुलाशी आईवडील पडद्यावर बोलत असतात आणि ऐन महत्त्वाच्या वाक्याला चेहरा थिजतो, शब्द तुटतो. 'नेट स्लो आहे' असे म्हणून आपण गप्प बसतो. पुष्कळदा मात्र दोष वेगाचा नसून विलंबाचा असतो.

व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचे यंत्र आवाज व चित्र यांचे लहान लहान तुकडे करून ते इंटरनेटवर पाठविते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. टेलिफोन क्षेत्रातील जुन्या जी.७११ पद्धतीत आवाजाला सेकंदास ६४ किलोबिट लागतात. एका पॅकेटात सामान्यतः २० मिलिसेकंदांचे बोलणे मावते, म्हणजे दर सेकंदाला ५० पॅकेट. हा प्रवाह संथ आणि एकसारखा असतो. चित्राचे तसे नाही. आरंभी संपूर्ण चित्र जाते, नंतर मुख्यतः बदललेला भाग. त्यामुळे कोऱ्या भिंतीपुढे बसलेल्या वक्त्याचे थोडक्यात भागते. मागे खिडकीचा पडदा हलत असेल, तर त्या पडद्याचाही भार वाहावा लागतो!

ई-मेलचे पॅकेट हरवल्यास ते पुन्हा पाठविले जाते. पत्र जरा उशिरा, पण पूर्ण पोहोचते. संभाषणात उशिरा आलेले पॅकेट हरवल्यासारखेच, कारण त्या शब्दाची वेळ टळून गेलेली असते. म्हणूनच १९९६ साली प्रमाणित झालेल्या आरटीपी पद्धतीत प्रत्येक पॅकेटावर अनुक्रमांक व वेळ नोंदलेली असते, आणि ही पॅकेट बहुधा यूडीपी या, पोच न मागणाऱ्या मार्गाने धाडली जातात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास बहुतेक संभाषणे सुरळीत चालतात.

हा विलंब अनेकदा आपल्याच घरात निर्माण होतो. बऱ्याच जोडण्यांवर माहिती बाहेर पाठविण्याची वाट आत येणाऱ्या वाटेपेक्षा अरुंद असते. त्याच वेळी कोणाचा मोबाईल गुपचूप शेकडो छायाचित्रे वर चढवीत असेल, तर राउटरमध्ये रांग लागते आणि आवाजाची चिमुकली पॅकेट त्या गर्दीमागे ताटकळत उभी राहतात. अधिक वेगाची योजना घेण्याआधी ही छायाचित्रे थांबवून पाहावीत.

खर्चाचाही हिशेब आहे. सेकंदास २ मेगाबिटांचे चित्र तासाभरात एका दिशेला सुमारे ९०० मेगाबाइट होते. ६४ किलोबिटांचा आवाज तेवढ्याच वेळात २९ मेगाबाइटांच्या आसपास. बोलणे तुटू लागले, तर दोन्हीकडचा कॅमेरा काही वेळ बंद ठेवावा. चेहरा दिसणार नाही, पण वाक्य बहुधा पूर्ण ऐकू येईल.