चंबळेची वाळू आणि सुसर

ग्वाल्हेरला जाणारा मराठी प्रवासी बहुधा किल्ला, जयविलास राजवाडा, तानसेनाची कबर आणि फूलबागेतील राणी लक्ष्मीबाईंची समाधी पाहून दोन दिवसांत परततो. शहरापासून सुमारे 60 किलोमीटरवर, मोरेना आणि धौलपूर यांच्या मधून वाहणारी चंबळ त्याला आगगाडीच्या पुलावरून क्षणभर दिसते तेवढीच. वास्तविक या परिसरातील सर्वांत मोलाचे वन्यजीवन याच नदीत आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांत पसरलेले राष्ट्रीय चंबळ अभयारण्य 1970च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झाले ते मुख्यतः सुसरीसाठी, कारण त्या सुमारास भारतभर जेमतेम 200 सुसरी उरल्याचा अंदाज होता. आज एकट्या चंबळेत त्यांची संख्या 2000च्या पुढे गेली आहे.

सुसर आणि मगर यांत सामान्य प्रवाशाची गल्लत होते. मगरीचा जबडा रुंद असतो, तर सुसरीचा जबडा लांब, निमुळता आणि शंभरावर बारीक दातांचा असून तो पाण्यात आडवा फिरवून ती मासे पकडते. पूर्ण वाढलेल्या नराच्या नाकपुड्यांवर मडक्यासारखा उंचवटा येतो. या ‘घड्या’वरूनच तिचे हिंदी नाव घडियाल पडले. सुसरीचे पाय दुबळे असल्याने मोठ्या सुसरीला शरीर जमिनीवरून उचलून चालता येत नाही, ती पोटावर घसरत पाण्याबाहेर येते, आणि म्हणून तिला खोल डोहालगत मंद उताराची वाळूच लागते. याच वाळूत मादी मार्च-एप्रिलमध्ये अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर पडतात. पाणचिरा हा नारिंगी चोचीचा, उडता उडता खालच्या चोचीने पाणी चिरत मासे टिपणारा पक्षीही उघड्या वाळूवरच घरटे करतो. अवैध वाळूउपसा हे या साऱ्यांवरचे सर्वांत मोठे संकट का आहे, ते यावरून ध्यानात यावे.

रंतिदेवाच्या यज्ञांतील पशूंच्या कातड्यांपासून उगम पावलेली ‘चर्मण्वती’ म्हणून चंबळ पूर्वापार अपवित्र मानली गेली. शिवाय पाण्याने कातरलेल्या मातीच्या घळींनी, म्हणजे बीहडांनी, आणि त्यांत वावरणाऱ्या दरोडेखोरांनी माणसाला तिच्या काठापासून दूर ठेवले. नदी बऱ्याच अंशी स्वच्छ राहिली, ती या दुर्लौकिकामुळेही.

नदीतील नावेच्या सफरीसाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. थंडीत ऊन चढले की सुसरी शेकण्यासाठी वाळूवर येऊन पडतात, त्यामुळे सकाळच्या उत्तरार्धात निघणे सोयीचे ठरते. चक्रवाकांचे थवेही याच दिवसांत असतात. दुर्बीण जवळ असावी, कपडे मातकट रंगाचे असावेत आणि नावाड्याला नाव अधिक जवळ नेण्याचा आग्रह करू नये, कारण सुसर एकदा पाण्यात गेली की बराच वेळ वर येत नाही. मोरेन्याजवळच्या देवरी येथे वनविभागाचे संवर्धन केंद्र असून नदीकाठची अंडी तेथे उबवून पिल्ले सुमारे सव्वा मीटर लांबीची झाल्यावर नदीत सोडली जातात. मुलांना सोबत नेणाऱ्यांनी ते अवश्य पाहावे.

ज्यांना आणखी सवड आहे त्यांना शिवपुरीचे माधव राष्ट्रीय उद्यान ग्वाल्हेरपासून साधारण 115 किलोमीटरवर गाठता येते. शिंद्यांच्या या एकेकाळच्या उन्हाळी राजधानीतील सख्यासागर तलाव मगरींसाठी प्रसिद्ध असून 2022 साली त्याला रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नामिबियातून आणलेले आठ चित्ते 17 सप्टेंबर 2022 रोजी ज्या कुनो उद्यानात सोडले गेले, ते शेजारच्या श्योपूर जिल्ह्यात आहे. मात्र विस्तीर्ण रानात चित्ता दिसेलच अशी खात्री धरून तेथे जाऊ नये.

एकच दिवस मोकळा असेल तर तो चंबळेला द्यावा, आणि मार्च ते जून या काळात नाव काठाला लागली तरी वाळूवर उतरू नये. तिच्याखाली अंडी असतात.