दिवाळे काढायलाही पैसे लागतात

२००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकी सरकारने मंदीवर उतारा म्हणून लोकांना करपरताव्याचे चेक पाठवले. एकट्याला ६०० डॉलरपर्यंत, नवरा-बायकोला मिळून १,२०० पर्यंत. लोक बाजारात जातील, खरेदी करतील, चाक फिरू लागेल असा हिशेब होता. पुष्कळजण बाजारात गेलेही. काहींनी मात्र चेक वटवून थेट वकिलाचे ऑफिस गाठले. त्यांना दिवाळखोरीचा अर्ज करायचा होता आणि तेवढेच पैसे इतके दिवस जमत नव्हते.

ही काही ऐकीव गोष्ट नव्हे. तिघा अर्थतज्ज्ञांनी ती आकड्यांनिशी दाखवून दिली. कोणाचा चेक कधी निघणार, हे सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांवर ठरत होते, म्हणजे जवळपास सोडतच. चेक हातात पडले की दिवाळखोरीचे अर्ज वाढत होते. २००१ च्या परताव्यानंतरही हेच घडले होते; २००८ मध्ये परिणाम जास्त ठळक दिसला, कारण परतावा मोठा होता आणि मधल्या काळात, २००५ च्या कायद्याने, अर्ज करणेच महाग करून ठेवले होते.

आपल्याकडे ‘दिवाळे’ या शब्दामागे एक गोष्ट सांगतात. व्यापार बुडाला की व्यापारी भरदिवसा दारात दिवा लावून बसे. येणाऱ्याजाणाऱ्याने काय ते समजून घ्यावे. खर्च काय, तर वातीचा आणि तेलाचा. अमेरिकेत साध्या माणसाने दिवाळखोरी कायद्याच्या ‘चॅप्टर सेव्हन’खाली हात वर करायचे म्हटले तर कोर्टाची फी ३३८ डॉलर. वकिलाचे पैसे वेगळे, आणि ते फीच्या कितीतरी पट. फारच गरीब असेल त्याला फी माफ होते. जेमतेम भागवणारा मधल्यामध्ये अडकतो.

या ३३८ डॉलरचे होते काय, हे पाहिले की सगळी व्यवस्था कशावर चालते ते कळते. फीचा मोठा वाटा न्यायालये आणि सरकारी देखरेख यंत्रणेकडे जातो. ६० डॉलर जातात ट्रस्टीला. हा ट्रस्टी सरकारी नोकर नसतो. यादीवर नाव असलेला खासगी माणूस असतो, बहुधा वकील. अर्जदाराची कागदपत्रे वाचायची, आयकराची विवरणे तपासायची, कुठे जमीन, गाडी किंवा येणे लपवले आहे का ते हुडकायचे, आणि मग अर्जदाराला समोर बसवून शपथेवर प्रश्न विचारायचे, ही त्याची कामे. कायद्याच्या कलमावरून या भेटीला ‘३४१ मीटिंग’ म्हणतात. आता ती बहुतेक झूमवरच होते. पडद्यावर एक चेहरा, हातात धरलेले ओळखपत्र, नेहमीचे प्रश्न, आणि पाच-दहा मिनिटांत पुढचा नंबर. सावकारांनी यावे अशी सोय असते; सहसा कोणी फिरकत नाही, कारण वाटून घ्यायला काही नसतेच.

काही सापडले तर ट्रस्टीला टक्केवारी मिळते: पहिल्या ५,००० डॉलरवर २५ टक्क्यांपर्यंत, पुढे उतरत्या दराने. पण बहुसंख्य फायली कोरड्या. तिथे ६० डॉलरच. हा आकडा १९९४ चा. त्यानंतर महागाई दुपटीहून वर गेली, संसदेत विधेयके येत राहिली, वर्षानुवर्षे आकडा हलला नाही. फी माफ झालेल्या फायलीत तर मूळ रचनेप्रमाणे ट्रस्टीचे ६० डॉलरही माफ. सर्वांत गरीब माणसाची फाइल तपासायची ती फुकट, असा हा प्रकार. तरी काम चालते, कारण एखाद्या फायलीत घबाड लागेल ही आशा बाकीच्यांना ओढून नेते. सार्वजनिक काम अशा आशेवर सोपवणे बरे नव्हे.

हे सारे एका हट्टातून आले आहे: दिवाळखोरीचा खर्च दिवाळखोरांनीच भागवावा, करदात्यावर बोजा नको. हट्ट जुना आहे. एकेकाळी दिवाळखोरीचे खटले चालवणाऱ्या ‘रेफरी’ला खटल्यातूनच मेहनताना मिळे. निवाडा करणाऱ्याचे पोट निवाड्यावर असावे हे बरे नव्हे, म्हणून १९४६ मध्ये त्यांना पगार सुरू झाला. पण त्या पगाराचा फंडही दिवाळखोरीच्या शुल्कांतूनच भरायचा होता. १९७८ मध्ये नवा कायदा आला. देखरेखीसाठी ‘यू. एस. ट्रस्टी’ नावाचे खाते आधी काही भागांत आणि १९८६ पासून जवळपास देशभर उभे राहिले. त्याच्याही पैशाची सोय तशीच केली. बहुतेक भरणा ‘चॅप्टर इलेव्हन’मधल्या कंपन्यांच्या तिमाही फीचा.

‘जवळपास’ म्हणायचे कारण असे, की अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलिना ही दोन राज्ये या खात्यात आलीच नाहीत. तिथल्या राजकारण्यांनी आधी मुदत मागितली, मग वाढवून घेतली, आणि २००० मध्ये सूट कायमची झाली. तिथली देखरेख न्यायसंस्था करते आणि खर्च तिच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून होतो. थोडक्यात, करदात्याच्या पैशातून.

आता दिवाळखोरीच्या फीवर चालणाऱ्या खात्याची गंमत अशी, की देशाचे बरे चालले की खात्याचे वाईट. २००५ मध्ये, नवा कडक कायदा लागू होण्याआधीच्या झुंबडीमुळे, २० लाखांवर अर्ज आले होते. पुढच्या दशकात ओघ आटत गेला, तशी गंगाजळीही आटली. २०१७ मध्ये संसदेने उपाय काढला: फंडात २० कोटी डॉलरहून कमी शिल्लक असेल तोवर मोठ्या कंपन्यांची तिमाही फी वाढवायची. कमाल फी ३०,००० डॉलर होती, ती एकदम अडीच लाख झाली.

हा घाव ज्यांच्यावर बसला त्यांत सर्किट सिटी होती. टीव्ही-स्टिरिओ विकणारी ही दुकानांची साखळी २००८ च्या नोव्हेंबरात कोर्टात गेली आणि पुढच्या वर्षी दुकानांना टाळे लागले. पण उरलीसुरली मालमत्ता विकून देणी भागवण्याचे काम २०१८ मध्येही संपले नव्हते. वाढीव दराने तीन तिमाहींतच ६,३२,५४२ डॉलर द्यावे लागले. जुन्या दराने ५६,४०० झाले असते. सावकारांच्या वाट्यातूनच ते गेले. अलाबामातल्या कंपन्यांना मात्र वाढ लागू झाली ती काही महिन्यांनंतर, आणि तीही फक्त नव्या प्रकरणांना.

अमेरिकेच्या राज्यघटनेत दिवाळखोरीचे कायदे देशभर ‘एकसारखे’ असावेत असे स्पष्ट लिहिले आहे. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, हा भेदभाव घटनाबाह्य. मग पैसे परत द्यायचे का? तो अंदाजे ३२ कोटी ६० लाख डॉलरचा प्रश्न होता. परतावा द्यायचा तर तो बाकीच्या दिवाळखोरांकडून गोळा करूनच द्यावा लागला असता, किंवा करदात्याकडून, जे कायद्याला मुळातच नको होते. दोन वर्षांनी, सहा विरुद्ध तीन मतांनी, न्यायालयाने परतावा नाकारला. चूक मान्य, पैसे नाहीत.

आपल्याकडचा मार्ग वेगळा असला तरी धागा तोच. २०१६ च्या कायद्याखाली बुडीत कंपनीचे प्रकरण कंपनी न्यायाधिकरणापुढे जाते. कारभार पाहणाऱ्या व्यावसायिकाची फी आणि प्रक्रियेचा खर्च कंपनीच्या मालमत्तेतून सर्वांच्या आधी वसूल होतो. सामान्य माणसासाठी त्याच कायद्यात लिहिलेला भाग, जामीनदार वगळता, लागूच झालेला नाही. मुंबईतल्या कर्जबाजारी नोकरदाराला अजून १९०९ चा कायदा आहे. इंग्लंडमध्ये सरकारी अधिकारी हे काम करतात, तरी दिवाळखोर व्हायला अर्जदाराला ६८० पौंड मोजावे लागतात. मात्र अगदी तळच्या कर्जदारांसाठीच्या कर्जमुक्ती आदेशाची ९० पौंडांची फी एप्रिल २०२४ मध्ये रद्द झाली.

न्यायालयाच्या या निकालांआधीच अमेरिकी संसदेने २०२० च्या कायद्यात डागडुजी केली होती. अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलिनालाही तीच फी सक्तीची झाली, मोठ्या कंपन्यांवरचा दर थोडा उतरला, आणि ट्रस्टींना काही वर्षांपुरते फायलीमागे आणखी ६० डॉलरपर्यंत देण्याचे ठरले. ‘पर्यंत’ या शब्दात मेख आहे. ही जादा रक्कम येते ती मोठ्या कंपन्यांच्या त्याच तिमाही फीतून; फंडात पुरेसे साचले नाही तर असेल ते फायलींच्या संख्येप्रमाणे वाटून घ्यायचे. ओहायोतल्या एखाद्या वेटरची फाइल तपासणाऱ्याला किती मिळणार, हे त्या वर्षी किती बड्या कंपन्या बुडाल्या यावर ठरते.