रेसिंग सिम्युलेशन खेळांमधील वाहन सेटअप

रेसिंग सिम्युलेशन प्रकारच्या संगणकीय खेळांत शर्यतीपूर्वी गाडीच्या यांत्रिक व वायुगतिकीय घटकांमध्ये खेळाडूला जे बदल करता येतात, त्यांना एकत्रितपणे सेटअप असे म्हणतात. टायरमधील हवेचा दाब, स्प्रिंगचा ताठपणा, विंगचा कोन, गिअरची गुणोत्तरे आणि ब्रेकच्या बलाची पुढील व मागील चाकांतील विभागणी हे त्यातील प्रमुख घटक होत. सिम्युलेशनमध्ये प्रत्येक बदलाचा परिणाम भौतिकशास्त्रीय प्रारूपातून गणला जातो. त्यामुळे एका वळणावर मिळालेल्या लाभाची किंमत बहुधा दुसऱ्या वळणावर मोजावी लागते.

इतिहास

जेफ क्रॅमंड यांनी बीबीसी मायक्रो संगणकासाठी तयार केलेल्या 'रेव्ह्ज' (१९८४) या फॉर्म्युला थ्री खेळात पुढील व मागील विंगचा कोन बदलता येत असे. पॅपायरस डिझाइन ग्रुपच्या 'इंडियानापोलिस ५००: द सिम्युलेशन' (१९८९) या खेळाने ही कल्पना बरीच पुढे नेली. अंडाकृती मार्गावर गाडी केवळ डावीकडे वळते, म्हणून उजव्या बाजूचा मागील टायर डाव्यापेक्षा किंचित मोठ्या परिघाचा ठेवतात. हा बारकावादेखील त्यात होता. त्याच संस्थेचा 'ग्रां प्री लेजंड्स' (१९९८) हा खेळ १९६७ च्या हंगामावर आधारलेला आहे. फॉर्म्युला वनच्या गाड्यांना विंग १९६८ पासून लागल्या. साहजिकच या खेळात विंगचा आधार नाही आणि जे साधायचे ते टायर, सस्पेन्शन व डिफरन्शियल यांतूनच साधावे लागते. सस्पेन्शनचे वर्तन समजून घेऊ पाहणाऱ्यास तो आजही उपयुक्त ठरावा. पुढे 'आरफॅक्टर' (२००५), 'आयरेसिंग' (२००८) आणि 'असेट्टो कोर्सा' (२०१४) यांनी हा प्रकार अधिक सूक्ष्म केला.

टायर

गाडी रस्त्याला फक्त चार ठिकाणी टेकते, म्हणून सेटअपची सुरुवात टायरपासून करणे योग्य. शर्यतीत टायर तापतो, आतील हवा प्रसरण पावू पाहते आणि दाब वाढतो. खेळाडू थंड टायरचा दाब ठरवतो. पण महत्त्वाचा असतो तो काही फेऱ्यांनंतरचा, तापलेल्या टायरचा दाब. ढगाळ सकाळी बेतलेला दाब दुपारच्या उन्हात जास्त ठरतो तो यामुळेच.

बहुतेक सिम्युलेशन खेळ टायरच्या आतील, मधल्या व बाहेरील पट्ट्याचे तापमान स्वतंत्रपणे दाखवतात. मधला पट्टा दोन्ही कडांपेक्षा गरम असेल, तर हवा जास्त झाली आहे. दोन्ही कडा गरम असतील, तर कमी पडली आहे. आतील कड बाहेरील कडेपेक्षा फारच गरम असल्यास चाकाचा वरचा भाग आत प्रमाणाबाहेर झुकवलेला आहे. या झुकावाला कॅम्बर म्हणतात. थोडा झुकाव आवश्यकच असतो, कारण वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि मुळात सरळ उभा असलेला टायर कडेवर येतो. मात्र तोच झुकाव सरळ रस्त्यावर ब्रेक लावताना पकड कमी करतो.

भार आणि पकड

वळणावर भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. टायरवरील भार दुप्पट झाला, तरी त्याची पकड दुप्पट होत नाही. ती त्याहून कमी वाढते. म्हणून ज्या आसावर भाराची अदलाबदल अधिक, त्या आसाची एकूण पकड घटते. पुढचा अँटी-रोल बार ताठ केला की पुढच्या आसावर ही अदलाबदल वाढते आणि गाडी वळण्यास कुरकुर करते. यास अंडरस्टिअर म्हणतात. मागचा बार ताठ केल्यास मागची बाजू निसटू पाहते, म्हणजे ओव्हरस्टिअर होतो. 'ताठ म्हणजे वेगवान' हा नवख्यांमधील समज या ठिकाणी खोटा ठरतो. गाडी पुढे वळत नसेल, तर पुढचा बार मऊ करणे हाच बहुधा उपाय असतो.

विंगचे गणित निराळे आहे. तिच्यामुळे निर्माण होणारा खाली दाबणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; वेग दुप्पट, तर जोर चौपट. अर्थात मंद वळणावरील दोष विंगने सुधारत नाही, तो बार व स्प्रिंग यांनीच सुधारावा लागतो. विंगचा कोन वाढवला की हवेचा अवरोधही वाढतो, म्हणून मोन्झासारख्या दीर्घ सरळ मार्गांवर विंग सपाट आणि मोनॅकोत तीव्र कोनात ठेवतात.

इंधनाचाही विचार करावा लागतो. ६० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ४५ किलोग्रॅम भरते. अर्धवट टाकीवर जुळवलेली गाडी भरल्या टाकीने सुरुवातीच्या फेऱ्यांत वेगळी वागते, ती त्यामुळे.

मर्यादा आणि वाद

खऱ्या चालकाला गाडी घसरू लागल्याची जाणीव शरीराला होते. घरी बसलेल्या खेळाडूस पडदा, आवाज आणि स्टिअरिंगमधून मिळणारा प्रतिरोध एवढ्यावर भागवावे लागते. ही उणीव काही अंशी नोंदवलेल्या माहितीने भरून निघते. 'असेट्टो कोर्सा काँपेटिझिओने'मधील फेऱ्यांच्या नोंदी मोटेक या शर्यतक्षेत्रात वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीत तपासता येतात. त्या वाचताना एका वेळी एकच घटक बदललेला असावा, अन्यथा कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला हे कळत नाही.

टायरचे प्रारूप अपुरे असेल, तर खऱ्या गाडीवर कोणीही वापरणार नाही असा सेटअप खेळात सर्वांत वेगवान ठरू शकतो. अशा पळवाटा सापडल्यावर निर्माते बदलांची मर्यादा आवळतात किंवा प्रारूप सुधारतात. 'आयरेसिंग'मध्ये यासाठी, तसेच वेळेअभावी सेटअप न जमणाऱ्यांसाठी, सर्वांना एकच ठरावीक सेटअप देणाऱ्या स्पर्धा असतात. त्यांत कौशल्याचीच कसोटी लागते, असे समर्थक म्हणतात. विरोधकांच्या मते गाडी जुळवणे हाच कौशल्याचा भाग आहे; शिवाय ठरावीक सेटअप सहसा सावध, अंडरस्टिअरकडे झुकणारा असतो आणि तो प्रत्येकाच्या चालवण्याच्या पद्धतीला सारखाच मानवत नाही.