शिरड शहापूर : अर्धापूरच्या मल्लिनाथाचे गाव

औंढा नागनाथाचे दर्शन घेऊन वसमतकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत शिरड शहापूर लागते. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव. 1 मे 1999 रोजी नवा जिल्हा झाला. तोपर्यंत येथील कागदपत्रांवर परभणीचे नाव असे. त्याआधी, सप्टेंबर 1948 पर्यंत, हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. गावाच्या नावातील ‘शहापूर’ हे फारसी ‘शाह’ आणि संस्कृत ‘पूर’ यांचे जोडनाव. मराठवाड्यात अशी जोडनावे पदोपदी भेटतात, म्हणून त्यांचे कुणाला नवल वाटत नाही.

गावाची ख्याती आहे ती मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिरामुळे. मल्लिनाथ हे एकोणिसावे तीर्थंकर. कलश हे त्यांचे चिन्ह. श्वेतांबर परंपरा त्यांना स्त्री मानते, दिगंबरांना ते मान्य नाही. येथील मूर्ती अर्धपद्मासनात असून ती सुमारे तीनशे वर्षांपूर्वीची मानली जाते. जेथे तीर्थंकरांचे वा मुनींचे निर्वाण झाले ते सिद्धक्षेत्र आणि जेथे दैवी चमत्काराची श्रद्धा आहे ते अतिशय क्षेत्र, असा जैनांत भेद आहे. शिरड शहापूर दुसऱ्या प्रकारात मोडते.

मूर्ती मुळात या गावची नव्हे. ती नांदेडजवळच्या अर्धापूर येथे होती आणि निजामाच्या राजवटीत कारंजाचे भट्टारक प्रेमानंद यांनी ती येथे आणली, असे परंपरा सांगते. भट्टारक म्हणजे दिगंबर संप्रदायातील वस्त्रधारी धर्मप्रमुख. मंदिरे, ग्रंथभांडारे आणि विखुरलेला श्रावकवर्ग यांची काळजी त्यांच्याकडे असे. वऱ्हाडातील कारंजा येथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तिन्ही परंपरांची पीठे होती व त्यांचा अधिकार दूरवर चाले. अर्धापूरहून कारंजा सरळ उत्तरेला, शिरड शहापूर वायव्येला. म्हणजे मूर्ती पीठाच्या गावी गेलीच नाही. एका खेड्याच्या स्वाधीन झाली. राजवटी बदलल्या, पण भाविकांनी ही ठेव सांभाळली.

आज यात्रेकरू बहुधा एकाच फेरीत ज्योतिर्लिंग आणि मल्लिनाथ दोन्ही करतात. रेल्वेने येणाऱ्यांना वसमत स्थानकावर उतरून पुढे एसटी धरावी लागते. तालुक्यातच पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे, आणि वसमतच्या बाजूला हळदीची शेते.