मत्स्यालयातील मौन

प्रवासात सोबतचा माणूस गप्प झाला, की तो दृश्यात रमला आहे असे आपण समजतो. वाचकहो, तीस वर्षे रुग्ण तपासूनही मी एकदा या समजुतीने फसलो.

जपानच्या सहलीत माझ्याबरोबर ६८ वर्षांचे एक स्नेही होते. त्यांना मधुमेह आहे आणि ते ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. ओसाका बंदरालगतचे, १९९० साली खुले झालेले ‘काइयुकान’ मत्स्यालय पाहण्याची त्यांची फार इच्छा होती. तेथे प्रेक्षक आधी सरकत्या जिन्याने आठव्या मजल्यावर जातात आणि मग मधल्या प्रचंड टाकीभोवती वळणे घेत उतरत्या वाटेने खाली येतात. जणू सागराच्या पृष्ठभागावरून तळाकडे निघावे! नऊ मीटर खोल असलेल्या या टाकीत सुमारे ५,४०० टन पाणी आहे. त्यात जगातील सर्वांत मोठा मासा, व्हेल शार्क, संथपणे फिरत असतो. एवढा अवाढव्य जीव पाणी गाळून त्यातील प्लवक आणि लहान मासे खातो, हे मी उत्साहाने सांगत होतो. स्नेही काचेला हात टेकून निःशब्द उभे होते.

मी दोनदा काही विचारले, तेव्हा ते त्रासिकपणे म्हणाले, “डॉक्टर, किती बोलता हो तुम्ही!” इतका मृदू माणूस असे कधी बोलत नसे. मी त्यांचा हात हाती घेतला. तो थंड आणि घामाने ओला होता. त्या मंद निळ्या उजेडात सर्वांचेच चेहरे निळसर दिसत असल्याने त्यांचा फिकटपणा माझ्या लक्षातच आला नव्हता.

सकाळी हॉटेलात शाकाहारी पदार्थ फारसे न मिळाल्याने त्यांनी चहा आणि पावाचा एक तुकडा एवढेच घेतले होते. गोळी मात्र नेहमीप्रमाणे घेतली होती आणि त्यानंतर दोन तास चालणे झाले होते. त्यांना बाकावर बसवून ग्लुकोमीटर लावला. आकडा आला ५४. लगेच ग्लुकोजचे पाणी दिले. पंधरा मिनिटांनी आकडा ८८ झाला, तेव्हा बिस्किटे दिली. थोड्या वेळाने ते म्हणाले, “हं, तो मासा काय खातो म्हणालात?” माझा जीव भांड्यात पडला.

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की सामान्यतः थरथर, धडधड आणि भूक जाणवते. वार्धक्यात ही लक्षणे पुष्कळदा पुसट असतात. त्याऐवजी गप्प होणे, चिडचिड, गोंधळ किंवा तोल जाणे दिसते आणि घरचे त्याला ‘दमणूक’ म्हणतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर झाकली जाते; घाम मात्र येतो. म्हणून हात हाती घेऊन पाहावा.

साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी प्रवासात खाण्याचे गणित बिघडल्यास मात्रेचे काय करावे, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे. ग्लुकोज किंवा साखर सामानात नव्हे, खिशात ठेवावी. लक्षणे दिसताच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि बरे वाटल्यावर खायला द्यावे. चॉकलेटमधील स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. त्यावर विसंबू नये. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून तातडीची मदत बोलवावी.

अशा अंधाऱ्या, उतरत्या वाटांवर गुडघ्यांवर ताण येतो आणि वयस्कांच्या डोळ्यांना अंधाराला सरावायला वेळ लागतो. तेव्हा सावकाश चालावे, वाटेत बसावे आणि चाकाच्या खुर्चीची चौकशी आधीच करावी.

आपल्या ज्येष्ठांना प्रवासाला अवश्य न्या. मात्र समोरच्या माशाइतकेच शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडेही लक्ष असू द्या. तो गप्प झाला, तर एकदा नावाने हाक मारा आणि उत्तराची वाट पाहा.