सावलीतली परसबाग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सावलीतले रोप पिवळे पडले की त्याला पाणी कमी पडले, असे धरले जाते. बहुतेक वेळा घडलेले असते उलटेच. ऊन कमी मिळाले की पानांतून वाफ होऊन जाणारे पाणी कमी होते आणि मुळेही पाणी कमी उचलतात. त्यात बुलढाणा जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी माती आहे. भिंतीच्या आडोशाला ती दिवसचे दिवस ओली राहते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळे कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून चिखलात उभे असलेले रोपही मान टाकते. ते पाहून आणखी पाणी घातले जाते आणि उरलीसुरली मुळेही जातात. पेरणीआधी शेतात वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी स्थिती, पाहतात, तसाच तो कुंडीतही पाहावा. दोन बोटे खोल माती उकरून ती हाताला चिकटत असेल, तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कुंडीत नुसती काळी माती न भरता तिच्यात कुजलेले शेणखत, कोकोपीट आणि जाड रेती मिसळावी. तळाचे भोक मोकळे आहे ना, हेही पाहावे.

दुसरा समज खताचा. अन्न तयार होते ते पानांत, प्रकाशाच्या बळावर. खत त्याला लागणारी खनिजे तेवढी पुरवते. प्रकाशच कमी असेल तर जास्तीचे खत वापरले जात नाही आणि त्याचे क्षार मुळांपाशी साठतात. युरियात 46 टक्के नत्र असते. कुंडीत त्याची मूठभर मात्राही मुळे जाळून टाकू शकते. सावलीतल्या रोपाला थोडे गांडूळखत पुरते, तेही ते वाढीला लागलेले असतानाच.

पिवळेपणा कुठून सुरू झाला, हे पाहणे खतापेक्षा महत्त्वाचे आहे. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी असू शकते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहिल्या, तर ती लोहाची कमतरता असते. जास्वंदात आणि मोगऱ्यात ती नेहमी दिसते. चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि सतत ओल राहिली की अडचण वाढते. तिथे युरियाचा उपयोग नसतो. आधी निचरा सुधारावा, मग चिलेटेड, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातले, लोह द्यावे.

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात पाने खराब होण्याचे आणखी एक कारण असते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद हा भाग पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने पानांची टोके आणि कडा करपतात, आणि त्याला रोग समजून फवारणी होते. औषधाने क्षार जात नाहीत. पावसाचे पाणी साठवून कुंडीला देणे आणि ते तळातून भरपूर वाहू देणे, हाच उपाय.

सगळी सावली सारखीच, हा समज सर्वांत खोल रुजलेला आहे. बुलढाणा साधारण साडेवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 46 अंशांवर येतो आणि दहा फूट भिंतीची सावली उत्तरेला जवळपास तेवढीच लांब पडते. मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र तो दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो, म्हणजे हिवाळाभर अंधारी राहिलेली उत्तरेची बाजू तेव्हा उजळते. म्हणून जागेचा निर्णय एका महिन्याच्या पाहणीवर घेऊ नये. झाडाची सावली आणखी वेगळी. आंब्याखाली ती दाट, कडुनिंबाखाली विरळ असते. पण दोन्हीकडे मोठ्या झाडाची मुळे लहान रोपाच्या तोंडचे पाणी पळवतात. भिंतीच्या सावलीत पाणी कमी द्यावे लागते, झाडाखाली मात्र अनेकदा जास्त.

सावली म्हणजे निव्वळ तोटा, हेही खरे नाही. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन कोवळी पाने भाजून काढते. रोपवाटिका शेडनेट लावतात ते त्यासाठीच. पानमळ्यात नागवेल शेवरी, शेवगा, पांगाऱ्याच्या आधाराने आणि सावलीतच वाढवतात. अळू, आले, हळद, पुदिना, पानांचा ओवा अर्ध्या सावलीत चांगले येतात. उन्हाळी कोथिंबीर तिथे लवकर फुलावर येत नाही. मोगरा, गुलाब, मिरची, टोमॅटो यांना मात्र रोज पाच-सहा तास थेट ऊन हवेच. ते नसेल तर कितीही खत घातले तरी फांद्या लांबट होतात आणि फुले येत नाहीत. अशी रोपे गच्चीवर न्यावीत.

नेतानाही घाई नको. सावलीत वाढलेली पाने पातळ असतात आणि कडक उन्हात एका दुपारीत करपतात. आधी सकाळचे तासभर ऊन द्यावे आणि दहा-पंधरा दिवसांत ते वाढवत न्यावे. मेमध्ये हे करूच नये. मृगाचा पाऊस पडून हवा निवली की ते सोपे जाते.